हँक गॅदर्स, माँटी विल्यम्स आणि पहिली चक्कर

ताई, तुम्ही चार नावं दिलीत: हँक गॅदर्स, रेजी लुईस, ग्रेग ओडन आणि ब्रँडन रॉय. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधून पुढे आलेल्या आणि तब्येतीपायी करिअर अर्ध्यावर तुटलेल्या या चौघांत सगळ्यात मोठा कोण, आणि गॅदर्स जगला असता तर एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) गाजवली असती का, असं तुम्ही विचारलंय. मग जाता जाता एक ओळ लिहिलीत, की बारावीतला भाचा जिल्ह्याकडून खेळतो, गेल्या महिन्यात सरावात चक्कर येऊन पडला, 'उन्हामुळे असेल'. त्या ओळीकडे मी शेवटी येतो, पण तुमचा प्रश्न वाचल्यापासून माझ्या डोक्यात तीच घोळतेय.

मी नागपुरात पंचवीस वर्षं मुलांना बास्केटबॉल शिकवतोय. जुन्या अमेरिकन मॅचेस बघायचं वेड त्याहून जुनं. तर सुरुवातीलाच सांगतो, ही चार नावं एका रांगेत बसत नाहीत. ओडन आणि रॉयचे गुडघे गेले. गॅदर्स आणि लुईसचं हृदय बंद पडलं. गुडघा गेला की खेळ जातो आणि माणूस उरतो. ओडन पुढे आपल्या ओहायो स्टेटमध्ये परत गेला आणि 2019 मध्ये त्याने पदवी घेतली. गॅदर्स तेविसाव्या वर्षी गेला. 'करिअर संपलं' हा एकच शब्दप्रयोग दोघांना लावायला माझी जीभ रेटत नाही.

तरी गुडघेवाल्यांचं थोडक्यात सांगतो. ओडन कॉलेजला एकच वर्ष खेळला. उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बराच काळ फ्री थ्रो (फाउलनंतर रेषेवरून मिळणारा मोकळा शॉट) डाव्या हाताने टाकायचा. 2007 च्या कॉलेजांच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात फ्लोरिडाविरुद्ध त्याने 25 गुण आणि 12 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू) घेतले, संघ मात्र हरला. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला पुढे मोठा तारा झालेल्या केविन ड्युरँटच्या आधी, पहिल्या क्रमांकाने पोर्टलँडने उचललं आणि पहिला सामना खेळायच्या आधीच गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. एनबीएत तो एकूण 105 सामने खेळला. त्याला 'फसलेला' म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. रॉयला निदान काही वर्षं मिळाली: वॉशिंग्टन विद्यापीठात चार वर्षं, मग 2007 चा सर्वोत्तम नवोदित, तीनदा ऑलस्टार. एप्रिल 2011 मध्ये डॅलसविरुद्ध प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेरीत), गुडघ्यांतली कूर्चा झिजून संपली असताना, त्याने एकट्या शेवटच्या क्वार्टरमध्ये 18 गुण केले आणि हातची गेलेली मॅच ओढून आणली. त्याच डिसेंबरमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढच्या वर्षी परत यायचा प्रयत्न केला, तो पाच सामन्यांत आटोपला. (पोर्टलँडच्या नशिबाला काय म्हणावं! बिल वॉल्टनचे पाय, सॅम बोवीची नडगी, मग हे दोघे, सगळे एकाच संघाच्या वाट्याला.) निव्वळ खेळ बघितला तर या दोघांत माझं मत रॉयला.

आता गॅदर्स. फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीतला मुलगा, शाळेपासूनचा जोडीदार बो किंबल. दोघं मिळून कॅलिफोर्नियात गेले आणि पुढे लॉस एंजेलिसच्या लॉयोला मेरीमाउंट या लहानशा कॉलेजात आले. 1988-89 च्या हंगामात गॅदर्सने सामन्यामागे 32.7 गुण आणि 13.7 रिबाउंड घेतले आणि दोन्हींत देशात पहिला आला. त्याच्याआधी कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीत हे फक्त झेवियर मॅक्डॅनिएलला जमलं होतं.

हे आकडे वाचून तुम्हाला वाटणार की हा एनबीएत धुमाकूळ घालणारच होता. इथे जरा थांबा. प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांचा खेळ होता बेफाम वेगाचा. चेंडू हातात आला की काही सेकंदांत शॉट, आणि समोरच्यालाही तसंच पळायला लावायचं. 1989-90 मध्ये या संघाने सामन्यामागे 122.4 गुण केले. इतक्या वेगात गुणही जास्त होतात आणि हुकलेले शॉट जास्त म्हणून रिबाउंडही जास्त. त्या हंगामात देशात सर्वाधिक सरासरी किंबलची होती, 35.3. तो धडधाकट होता, ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर गेला, आणि त्याची एनबीए कारकीर्द तीन हंगामांत आटोपली. म्हणजे त्या संघातले आकडे सरळ उचलून एनबीएत ठेवता येत नाहीत. गॅदर्सच्या बाजूने मी एकच मॅच मांडतो: 3 फेब्रुवारी 1990, एलएसयू म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाविरुद्ध. समोर पुढे एनबीए गाजवणारा, तेव्हा कोवळा शकील ओनील, सात फुटांच्या वर उंची. गॅदर्स सहा फूट सात इंच. लॉयोला ओव्हरटाइममध्ये 148-141 ने हरलं, पण गॅदर्सने 48 गुण आणि 13 रिबाउंड घेतले, तेही त्या उंच हातांच्या खालूनच. इतक्या ताकदीचा, इतका हट्टी रिबाउंडर एनबीएत दहा वर्षं टिकला असता असं मला वाटतं. ऑलस्टार? छातीठोकपणे नाही सांगता येत.

आणि ही मॅच तो हृदयाचं औषध घेत खेळत होता.

9 डिसेंबर 1989 ला सांता बार्बरा विद्यापीठाविरुद्ध घरच्या कोर्टवर तो फ्री थ्रो टाकायला उभा राहिला. शॉट हुकला. तो रेषेवरून दोन पावलं बाजूला झाला आणि कोसळला. कुणी धक्का दिला नव्हता, कुणाला अडखळला नव्हता. तपासणीत निघालं की श्रम झाले की हृदयाचे ठोके बिघडतात. प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं. हे औषध ठोके आवरतं आणि अंगात उसळणाऱ्या ॲड्रिनलिनला लगाम घालतं, त्यामुळे खेळाडूला अंग जड झाल्यासारखं, दम लवकर लागल्यासारखं वाटतं. देशात सर्वात वेगाने खेळणाऱ्या संघातला मुलगा, समोर ड्राफ्ट, घरची परिस्थिती ओढगस्तीची. औषधाने आपला खेळ मंदावतोय अशी त्याची तक्रार होती आणि डोस टप्प्याटप्प्याने खाली आणला गेला. कुणी किती कमी केला, का केला, यावर पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. त्यात मी पडत नाही.

4 मार्च 1990, पोर्टलँड विद्यापीठाविरुद्ध विभागीय स्पर्धेचा उपांत्य सामना, पुन्हा घरचंच कोर्ट. उंच आलेला पास त्याने हवेतच पकडून बास्केटमध्ये कोंबला, वळला, मधल्या रेषेकडे परत निघाला आणि पडला. उठायचा प्रयत्न केला. हॉस्पिटलमध्ये त्याचा मृत्यू जाहीर झाला. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूचा आजार दिसला.

स्पर्धा तिथेच रद्द झाली आणि लॉयोला राष्ट्रीय स्पर्धेला गेलं. गॅदर्स उजव्या हाताचा, पण फ्री थ्रो इतके कच्चे की शेवटी शेवटी तो डाव्या हाताने टाकायला लागला होता. न्यू मेक्सिको स्टेटविरुद्ध किंबलला पहिला फ्री थ्रो मिळाला, तेव्हा त्याने चेंडू डाव्या हातात घेतला आणि टाकला. जाळीत. मग आदल्या वर्षीच्या विजेत्या मिशिगनला त्यांनी 149-115 असं धुतलं आणि शेवटच्या आठात पोचून यूएनएलव्ही (लास व्हेगासचं नेव्हाडा विद्यापीठ) या संघाकडून हरले. तो डावखुरा फ्री थ्रो मी मुलांना दरवर्षी दाखवतो, पण त्याआधी 9 डिसेंबरची गोष्ट सांगतो.

तुमच्या यादीत मी एक पाचवं नाव घालतो, माँटी विल्यम्स. हल्लीच्या प्रेक्षकांना तो प्रशिक्षक म्हणून माहीत आहे: फिनिक्स सन्सला 2021 च्या अंतिम फेरीत नेणारा. 1990 मध्ये तो नोटर डेम विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होता. गॅदर्सला जाऊन जेमतेम सहा महिने झाले होते. हंगामाआधीच्या तपासणीत निघालं की त्याला हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आहे. त्याला खेळायची परवानगी नाकारली गेली. एक नाही, दोन हंगाम तो बाहेर बसला. एकोणीस-वीस वर्षांच्या, एनबीएची स्वप्नं बघणाऱ्या मुलासाठी दोन हंगाम म्हणजे काय, हे ज्याने या वयाची मुलं शिकवलीत त्यालाच कळेल. मग नव्याने बारीक तपासण्या झाल्या, धोका कमी असल्याचं ठरलं आणि 1992 मध्ये तो परतला. 1994 च्या ड्राफ्टमध्ये चोविसावा गेला, एनबीएत नऊ हंगाम काढले आणि अखेर गुडघ्यामुळे थांबला.

तब्येत आणि करिअर यांची तुलना करायचीच असेल तर ती या दोघांची व्हावी. एकच काळ, एकच खेळ, हृदयाचंच दुखणं. त्यांचा आजार तंतोतंत एक नव्हता, हेही खरं. आणि गॅदर्स थांबला असता तर वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. पण एक थांबवला गेला आणि दुसरा काही आठवड्यांत कोर्टवर परतला.

रेजी लुईसचं तसंच. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात 2,708 गुण, मग त्याच शहराच्या सेल्टिक्सचा कर्णधार. 29 एप्रिल 1993 ला शार्लटविरुद्ध प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात कोर्टवर पडला. उत्तरार्धात पुन्हा उतरला, पुन्हा गरगरलं. 13 मिनिटांत 17 गुण करून बाहेर गेला. क्लबने जमवलेल्या हृदयतज्ज्ञांचं मत पडलं की आजार गंभीर आहे. दुसरीकडचं मत आलं की ही साधी चक्कर येण्याची प्रवृत्ती आहे, खेळायला हरकत नाही. दोन मतांपैकी आपल्याला हवं ते मत कुणालाही खरं वाटतं. मलाही वाटलं असतं. 27 जुलैला ब्रँडाइस विद्यापीठात हलका सराव करताना तो कोसळला. सत्ताविसाव्या वर्षी गेला.

त्याच सेल्टिक्सने डिसेंबर 2011 मध्ये जेफ ग्रीनची तपासणी केली. जॉर्जटाउन विद्यापीठाकडून 2007 ची फायनल फोर (राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे चार संघ) खेळलेला हा मुलगा. महाधमनीला फुगवटा निघाला. जानेवारीत छाती उघडून ऑपरेशन, अख्खा हंगाम घरी. पुढच्या हंगामात तो 81 सामने खेळला, आणि 2023 मध्ये डेन्व्हरकडून विजेता झाला. ऑपरेशननंतर अकरा वर्षं! लुईसच्या वेळची शस्त्रक्रिया, यंत्रं, सगळंच वेगळं होतं आणि आजारही वेगळा, मान्य. पण ग्रीनच्या बाबतीत शंका घ्यायला कुणी मागेपुढे पाहिलं नाही.

खेळाडूचं हृदय तपासणं सोपं नाही, हेही सांगायला हवं. वर्षानुवर्षं मेहनत केली की निरोगी खेळाडूच्या हृदयाच्या भिंतीही जाड होतात. ती जाडी मेहनतीची की आजाराची, हे सीमेवरच्या केसमध्ये चांगल्या डॉक्टरांनाही चटकन सांगता येत नाही. कधी कधी काही महिने सराव बंद ठेवून पुन्हा मोजावं लागतं. इटलीत 1982 पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजी सक्तीचा आहे. अमेरिकेत तशी सक्ती नाही, आणि त्यावर वाद चालू आहे, कारण निरोगी मुलंही त्या चाळणीत अडकतात. पण तिथल्या अभ्यासांत कॉलेज खेळाडूंमध्ये हृदयामुळे अचानक मृत्यूचं प्रमाण पुरुष बास्केटबॉलमध्येच सर्वाधिक आढळलंय. हे वाचल्यापासून मी माझ्या मुलांच्या पालकांकडे ईसीजी मागतो. काही जण नाराज होतात.

पडलेला प्रत्येक जण संपतो असंही नाही. फ्लोरिडाचा केयाँटे जॉन्सन 12 डिसेंबर 2020 ला टाइमआउटनंतर कोर्टवर परतताना कोसळला. जवळजवळ दोन वर्षं एकही खरी मॅच खेळला नाही. मग कॅन्सस स्टेटकडून परतून सामन्यामागे 17.4 गुण केले, संघासोबत 2023 च्या शेवटच्या आठात गेला आणि ड्राफ्टमध्येही निवडला गेला.

आता भाचा.

बारा वर्षांपूर्वी माझ्याकडचा एक मुलगा धावण्याच्या ड्रिलमध्ये मधोमध पडला. मे महिना, नागपूरचं ऊन. मी त्याला झाडाखाली बसवलं, ग्लुकोजचं पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशी सरावाला घेतलं. गॅदर्सची गोष्ट मला तेव्हा तोंडपाठ होती, तरी मी हे केलं. आठवड्याभराने दुसऱ्या एका मुलाच्या आईने, त्या डॉक्टर आहेत, मला विचारलं, 'सर, तो पळताना पडला की पळून थांबल्यावर?' मी म्हटलं, पळताना. त्यांनी त्याच संध्याकाळी त्याच्या घरी फोन केला. टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचा स्नायू जाड निघाला. पोरगा खेळातून कायमचा थांबला, महिनाभर माझ्याशी बोलला नाही. आज आमच्या स्पर्धांना स्कोअरशीट तोच लिहितो.

थांबल्यावर, रांगेत उभं असताना किंवा रक्त बघून येणारी चक्कर बहुतेक वेळा साधी असते. भर धावताना, उडी मारताना शुद्ध गेली तर ती साधी धरायची नाही, मग ऊन कितीही असो. हृदयरोगतज्ज्ञाकडून ईसीजी आणि टूडी इको करून घ्या, ते सांगतील तर स्ट्रेस टेस्टही. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, हे आजीला विचारून ठेवा, डॉक्टर विचारतीलच. रिपोर्ट येईपर्यंत सराव पूर्ण बंद, 'हलका सराव'सुद्धा नाही. निवड चाचणी तोंडावर असेल तर तो चिडेल, चिडू द्या. प्रशिक्षकांशी बोलायचं अवघड वाटत असेल तर मला मेसेज करा, मी बोलतो त्यांच्याशी.

रिपोर्ट आला की इथे कळवा. आणि पडला तेव्हा तो धावत होता की थांबला होता, हे मात्र आज रात्रीच त्याला विचारा.