मक्केतल्या काबा या वास्तूकडे तोंड करून नमाज पढतात, तिथल्या काळ्या दगडाचं चुंबन घेतात, मग ती काब्याची नि दगडाचीच पूजा झाली ना?

नाही. नमाज अल्लाहची असते, काबा फक्त दिशा दाखवतो. तिला किब्ला म्हणतात. सुरुवातीला हा किब्ला जेरुसलेमकडे होता, मदिनेला आल्यावर इ.स. 624 च्या सुमारास तो मक्केकडे वळला. वास्तूच पूज्य असती तर दिशा अशी बदलली असती का? इ.स. 630 मध्ये मक्का जिंकल्यावर तर पैगंबरांचे सहकारी हजरत बिलाल यांनी काब्याच्या छतावर चढून अजान दिली. पूजेच्या वस्तूवर कोणी पाय ठेवत नाही.

आता तुम्ही विचारलेला काळा दगड, म्हणजे हजरे अस्वद. काब्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात, साधारण छातीच्या उंचीवर, चांदीच्या चौकटीत तो बसवलेला आहे. यात्रेकरू त्याचं चुंबन घेतात. गर्दीत जमलं नाही तर लांबूनच हात उंचावून पुढे जातात, तवाफ, म्हणजे काब्याभोवतीची प्रदक्षिणा, पूर्णच धरला जातो. दुसरे खलिफा हजरत उमर त्या दगडासमोर उभं राहून म्हणाले होते की, तू दगड आहेस हे मला ठाऊक आहे, तू भलंही करत नाहीस नि बुरंही. पैगंबरांना तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं. मला हे उत्तर सगळ्यात स्वच्छ वाटतं.