‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ असं डीलर म्हणाला तर?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे एकाच दुखण्याचे आहेत. डीलरकडून सेकंडहँड गाडी घेतली, पेढे वाटले, हार घातला, आणि पंधरा दिवसांत गाडीनं रंग दाखवले. मी २२ वर्षं अपघातग्रस्त गाड्यांचे सर्व्हे करतोय त्यामुळे बोनटखालचं थोडंफार कळतं, आणि ग्राहक आयोगाच्या पायऱ्या स्वतः झिजवल्यात त्यामुळे कागदाचंही कळतं. काही प्रश्न निवडलेत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न (कोथरूड): ४ लाख २५ हजाराला पेट्रोल हॅचबॅक घेतली. बाराव्या दिवशी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात टेम्परेचरचा काटा वर गेला आणि गाडी बंद पडली. टो करून आणली. मेकॅनिक म्हणतोय हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधली सील) गेलंय, हेडला फेस मारावा लागेल, म्हणजे घासून सपाट करावं लागेल, ३५-४० हजार. डीलर म्हणतो सेकंडहँडला गॅरंटी नसते, शिवाय तुम्ही ‘जशी आहे तशी’वर सही केलीय. काय करू?

सगळ्यात आधी इंजिन खोलू देऊ नका. मेकॅनिक म्हणेल सोमवारी हेड उतरवतो, त्याला हात जोडून थांबवा.

हे एवढं जोरात सांगतोय कारण मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. २००९ साली मी एक डिझेल गाडी घेतली होती, आठवड्यातच निळा धूर मारायला लागली, म्हणजे ऑइल जळत होतं आणि विकताना ऑइलमध्ये घट्ट अ‍ॅडिटिव्ह ओतून धूर दाबलेला होता हे मला वासावरनं कळलं, आणि रागाच्या भरात दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या गॅरेजला इंजिन खोलून पिस्टन रिंगा बघितल्या. झालं. डीलर म्हणाला ‘गाडी दिली तेव्हा ओके होती, तुमच्याच माणसानं वाट लावली’, आणि माझ्याकडे उलट दाखवायला काही नव्हतं.

तर तुम्ही आधी पुरावा गोळा करा. इंजिन पूर्ण गार असताना ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूचा फोटो काढा, कॉफीच्या फेसासारखा चिकटा दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेलंय. कूलंटच्या टाकीत कूलंट आहे की नुसतं नळाचं पाणी, तेही बघा, फोटो काढा. आता महत्त्वाचं. एसी बंद ठेवून गार इंजिनवर चावी ऑन करा. रेडिएटरचा फॅन लगेच गरगरायला लागला तर बहुतेक कोणीतरी तो ‘डायरेक्ट’ केलाय, म्हणजे सेन्सर बायपास करून वायर थेट जोडलीय. नीट चालणाऱ्या गाडीचा फॅन कोणी उगाच डायरेक्ट करत नाही, ज्याला गाडी तापते हे माहीत असतं तोच करतो. थर्मोस्टॅट काढून टाकलेला असणं हाही तोच प्रकार, पण तो उघडल्यावरच दिसतो. फॅनच्या वायरिंगचा व्हिडिओ काढा, कसाही नाही, नंबर प्लेटपासून सुरू करून एका दमात बोनटपर्यंत न थांबवता.

मग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा लायसन्स असलेल्या सर्व्हेयरकडून लेखी रिपोर्ट घ्या. एस्टिमेटवर नुसती रक्कम लिहून देतात, तसं चालणार नाही, दोष काय आणि तो १२ दिवसांतला की आधीपासूनचा, हे शब्दांत लिहून मागा. बरेच जण टाळतात. दोन ठिकाणी फिरा.

आणि याच आठवड्यात डीलरला स्पीड पोस्टनं पत्र, सोबत व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल. भाषा साधी ठेवा: ‘अमुक तारखेला अमुक नंबरची गाडी तुमच्याकडून घेतली. इतके किलोमीटर चालल्यावर अमुक दोष निघाला. तुम्ही इंजिन ओके सांगितलं होतं. मी गाडी वापरणं थांबवलंय. १५ दिवसांत गाडी परत घेऊन पैसे द्या किंवा स्वखर्चानं दुरुस्त करा. तपासायला माणूस पाठवायचा असेल तर गाडी अमुक ठिकाणी उभी आहे.’ शिव्या नकोत, आणि ‘बघून घेईन’ तर अजिबात नको. फोनवर भांडण्यात दिवस घालवू नका, मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यात असं आहे की माल घेऊन गप्प बसलात तर तुम्ही तो स्वीकारला असं धरतात, मग परत करायची बाजू लंगडी होते आणि फक्त नुकसानभरपाईच उरते.

आता ती सही. ‘जशी आहे तशी’चा अर्थ एवढाच की जे तुम्हाला बघून कळलं असतं, घासलेले टायर, दारावरचा ओरखडा, फाटलेलं सीट, त्याबद्दल नंतर कुरकुर नको. जे मुद्दाम लपवलं ते त्या सहीखाली झाकलं जात नाही. डायरेक्ट केलेला फॅन म्हणूनच तुमचा हुकमी एक्का, फक्त तो डीलरनं केला की आधीच्या मालकानं यावर तो वाद घालेल, तेव्हा जाहिरातीत किंवा मेसेजवर ‘इंजिन एकदम टकाटक’ वगैरे लिहिलं होतं का ते शोधा. जुनी जाहिरात आजच्या आज स्क्रीनशॉट करून ठेवा, उद्या ती दिसणार नाही.

त्याच्या काउंटरमागे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी असेलच, पुण्यात पाटीशिवाय दुकान पूर्ण होत नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुम्ही बाराव्या दिवसावर आहात. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीत येतं, म्हणून त्यानं पांढऱ्या कागदावर ‘रक्कम मिळाली’ एवढंच लिहून दिलं असेल तर त्याचाही पत्रात उल्लेख करा.

पत्राला उत्तर नाही आलं तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, कधी कधी तेवढ्यानंच डीलरचा सूर बदलतो. नाही बदलला तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी ५ लाखांपर्यंत मोजले असतील तर फी शून्य, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील लागतोच असं नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरून भरता येते. कायद्यात लिहिलंय ३ महिन्यांत निकाल, मालाची तपासणी लागली तर ५, पण तेवढ्या भरवशावर गाडी उभी ठेवू नका. रिपोर्ट हातात आला, डीलरला तपासायची संधी लेखी दिली, तो आला नाही, की मग दुरुस्ती करा, जुनं गॅस्केट पिशवीत घालून ठेवा, पक्कं बिल घ्या.

प्रश्न (हडपसर): मीटर ४८ हजार दाखवत होतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो तर त्यांच्या कॉम्प्युटरवर दोन वर्षांपूर्वीच १ लाख १२ हजार! डीलर म्हणतो आधीच्या मालकानं केलं असेल.

असेलही. पण तुम्हाला ४८ हजार सांगून पैसे कोणी घेतले? आयोगापुढे मीटर कोणी मागे फिरवलं याच्या आधी हा प्रश्न येतो, आणि इतकी वर्षं या धंद्यात असून सर्व्हिस रेकॉर्ड बघितलं नाही असं डीलर म्हणाला तर ते त्याच्यावरच उलटतं.

सर्व्हिस सेंटरकडून ती हिस्ट्री छापील घ्या, शिक्क्यासह. आरसी तुमच्या नावावर झाली असेल तर आरसीची कॉपी जोडून लेखी अर्ज द्या, तोंडी मागितलं तर ‘सिस्टीममध्ये दिसत नाही’ म्हणतात. जोडीला गाडीच बोलते बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ४८ हजार चाललेल्या गाडीला दुसरा किंवा तिसरा सेट का? क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, स्टीअरिंग चकाकतंय, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बसलीय, याचे फोटो. दाराच्या आत किंवा बोनटखाली ऑइल चेंजचं जुनं स्टिकर सापडलं तर लॉटरी, मीटर फिरवणारे ते काढायला हमखास विसरतात.

पोलिसांत जाऊ का असंही विचारलंय. जाता येतं, फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या ३१८ मध्ये येते. चौकीत बहुतेक ‘हे सिव्हिल आहे’ ऐकायला मिळेल. तरी लेखी अर्ज देऊन पोच घ्या, ती फाइलला लागते. मागणी ठरवताना हट्टानं गाडी परतच घ्या म्हणू नका, गाडी बाकी बरी असेल तर त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या लाखभर चाललेल्या गाडीचा भाव काढून फरक मागा. फरकावर तडजोड लवकर होते असा माझा अनुभव आहे.

प्रश्न (वाकड): दिवाळीत गाडी घेतली, पाच महिने झाले, आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर. डीलर ‘आरटीओत गर्दी आहे’ म्हणतो. हा दोष म्हणायचा का?

माझ्या मते इंजिनापेक्षा मोठा. गर्दी पाच महिने टिकत नाही, बहुतेक आधीच्या मालकाचं कर्ज अडकलंय. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाका, फायनान्सरचं नाव दिसतंय का बघा. दिसत असेल तर बँकेच्या एनओसीशिवाय एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरत नाही आणि गाडी तुमच्या नावावर होत नाही.

राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत, हा मोटार वाहन कायदा. १ एप्रिल २०२३ पासून डीलरसाठी वेगळे नियमही आहेत: आरटीओकडून पाच वर्षांचं अधिकारपत्र घ्यायचं, आणि मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९ सी भरायचा, मग गाडी पुढच्या मालकाच्या नावावर होईपर्यंत डीलरच मालक धरला जातो. ते अधिकारपत्र दाखवा म्हणा. चेहरा बघण्यासारखा होतो.

तोवर गाडी शक्यतो बाहेर काढू नका. थर्ड पार्टी विमा मालकी बदलली की आपोआप नव्या मालकाकडे आला असं कायदा धरतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा १४ दिवसांत अर्ज करून नावावर करावा लागतो. मी सर्व्हेला गेलो की पहिले आरसी आणि पॉलिसीवरची नावं जुळवतो, आणि नाव वेगळं निघालं की समोरच्या माणसाचा चेहरा पडतो, क्लेम तिथंच लटकतो. लेखी पत्रात ‘सेवेतील त्रुटी’ हा शब्द वापरा, आधीच्या मालकालाही कॉपी पाठवा. चलन आणि अपघाताची भानगड त्याच्या नावावर येणार असल्यानं तोही डीलरच्या मागे लागतो.

प्रश्न (सिंहगड रोड): ठाण्याच्या डीलरकडून चार वर्षं जुनी एसयूव्ही घेतली. पावसाळ्यात आत कुबट वास यायला लागला, पॉवर विंडो मनानं खालीवर होतात. पुरातली गाडी असेल का? आणि केस ठाण्यात करावी लागेल?

२०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर तुमच्याच बाजूला एकतानगरीत गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यामुळे वास तुम्हाला आठवत असेल. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग स्वच्छ आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ असेल तर संपलं, ती जागा कोणी धूत नाही. मग सीटच्या रुळांवरचा गंज, मॅटखालचा फोम, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे, लागतच नसेल तर तो बंद केलाय, आणि हे वासापेक्षा कितीतरी गंभीर आहे, ते तपासेपर्यंत मुलांना त्या गाडीत बसवू नका.

आधीची पॉलिसी मागा. चार वर्षांच्या गाडीवर नो क्लेम बोनस शून्य असेल तर कधीतरी क्लेम झालाय किंवा विमा खंडित होता, दोन्हीचं उत्तर डीलरनं द्यायला हवं. एखाद्या गॅरेजला स्कॅनर लावून बघा, बऱ्याच गाड्यांत फॉल्ट कोड (बिघाडाच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी) पुसल्यानंतर किती किलोमीटर झाले हेही दिसतं. तो आकडा आणि तुम्ही डिलिव्हरीपासून चालवलेले किलोमीटर सारखे निघाले तर कोड विकायच्या तोंडावर पुसलेत. स्क्रीनचा फोटो काढा.

केस पुण्यात. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथं करता येते. दोष कळल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

प्रश्न (पिंपरी): गाडी कॅबसाठी घेतली, मीच चालवतो. डीलरचा वकील म्हणतो धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहकच नाही. शिवाय गाडी महिनाभर बंद आहे, लोनचा हप्ता थांबवू का?

स्वतः चालवून पोट भरत असाल तर तुम्ही ग्राहक आहात, कायद्यातच तसा खुलासा आहे. तक्रारीत ‘स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी’ हे शब्द पहिल्याच परिच्छेदात घाला, नाहीतर तिथंच अडवतात. तीन-चार गाड्या आणि पगारी ड्रायव्हर असते तर अवघड होतं.

हप्ता थांबवू नका. बँकेचा करार बँकेशी, डीलरनं फसवलं हे बँक ऐकून घेणार नाही, सिबिल खराब होईल आणि गाडी ओढून नेली तर तुमचा पुरावाच गेला. भरत राहा, गाडी बंद असलेल्या महिन्यांचं लोन स्टेटमेंट आणि आधीच्या तीन महिन्यांची कॅबच्या अ‍ॅपवरची कमाई दोन्ही छापून फाइलला लावा, बुडालेल्या धंद्याची भरपाई मागायला आकडा तिथूनच काढायचा आहे.