रक्त दिलं म्हणून रोग लागला?

"मॅडम, रगत द्यायला गेलो आन् रोग घिऊन आलो." खुर्चीत टेकायच्या आधीच तो बोलला. परभणीकडचा, २६ वर्षांचा. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) शिवजयंतीच्या शिबिरात पहिल्यांदाच रक्त दिलेलं. रक्तपेढीतून मी फोनवर फक्त "येऊन भेटा" म्हटलं होतं. रिपोर्ट फोनवर सांगायचा नसतो, पण एवढ्यानंही माणसाची झोप उडते.

एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे रक्तात विषाणूची खूण सापडलेली. हिपॅटायटिस बी, गावाकडं म्हणतात ती पांढरी कावीळ.

मी रक्ताची कोरी पिशवी त्याच्या हातात दिली. सुई तिलाच जोडलेली, एकदाच वापरायची. "तपासलेलं रक्त याच टोचण्यातून आलं. तेव्हाच विषाणू शिरला असता तर त्याच रक्तात लगेच दिसला नसता, त्याला आठवडे लागतात." तो बराच वेळ नळी बोटाला गुंडाळत राहिला. "म्हंजे आधीचाच?"

आधीचाच. आपल्या देशात शंभरातल्या दोन ते चार जणांत हा विषाणू असतो असा अंदाज आहे. रक्तदात्यांत प्रमाण बरंच कमी, कारण धडधाकट माणसंच रक्त द्यायला येतात. त्यांतल्या बहुतेकांना पहिली खबर रक्तपेढीकडूनच लागते.

मोठेपणी लागण झाली तर बहुतेकांचं शरीर तो घालवतं. जन्माच्या वेळी आईकडून आला, तर दहातल्या नऊ बाळांत मुक्कामच ठोकतो. हा मुलगा जन्मला तेव्हा हिपॅटायटिस बीची लस सरकारी लसीकरणात नव्हती. म्हणून मी म्हटलं, "आईचीही तपासणी करू." आई दारातच उभी होती, हे मी पाहिलं नव्हतं. एवढ्या वर्षांनंतरही अशी चूक होते.

त्याच्या आईचा रिपोर्टही पॉझिटिव्ह निघाला. घरी त्यांनी लेकाचं ताट वेगळं केलेलं. "मंग आता माझं बी येगळं करू का?"

"कुणाचंच नको." एकत्र जेवल्यानं, शिवल्यानं हा पसरत नाही. वस्तरा, ब्लेड, दातांचा ब्रश मात्र ज्याचा त्याचा. काविळीची माळ घालायला जाऊ नका, हेही सांगावं लागलं. मायलेकांना सरकारी दवाखान्यात पाठवलं. २०१८ मध्ये सुरू झालेल्या काविळीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. गोळ्या प्रत्येकालाच लागत नाहीत, यकृताची तपासणी पाहून डॉक्टर ठरवतात. रक्तदान मात्र आता कायमचं बंद. त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

जाताना खरा प्रश्न आला. वैशाखात लग्न होतं. "पोरीला सांगू का?"

"सांगाच. हवं तर माझ्यासमोर."

पंधरा दिवसांनी ती भावाला घेऊन आली. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. लस त्याच दिवशी सुरू केली. दुसरा डोस महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी, तोवर निरोध. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली आणि भावाला म्हणाली, "तिसरा पोळ्याच्या आसपास येतोय, ध्यानात ठेव."