हवामानाच्या सॅटेलाइटवर सध्या काय काम चाललंय? तुमचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न बरेच आले, त्यातले सारखे सारखे होते ते एकत्र केलेत. थेट सुरू करतो.

प्रश्न: ढगांचे एवढे भारी फोटो दर दहा मिनिटांनी येतात, मग पाऊस नेमका कुठे पडणार ते का सांगता येत नाही?

कारण फोटोत दिसतो तो ढगाचा माथा, आणि पाऊस पडणार की नाही ते ठरतं आतल्या आणि खालच्या हवेत, म्हणजे कुठल्या उंचीवर किती तापमान आणि किती बाष्प आहे त्यावर. म्हणून खरी धडपड चाललीय ती साउंडरवर, म्हणजे हवेचे थर वेगवेगळे मोजणाऱ्या यंत्रावर. हवेतला कार्बन डायऑक्साइड १५ मायक्रॉनच्या आसपास इन्फ्रारेड शोषून घेतो, जिथे जास्त शोषतो त्या तरंगलांबीत सॅटेलाइटला फक्त वरची हवा जाणवते, जिथे कमी शोषतो तिथे खालचीही. त्यामुळे चॅनल, म्हणजे मोजायचे तरंगलांबीचे पट्टे, जितके बारीक आणि जास्त, तितके थर सुटे करता येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेल्या आपल्या इन्सॅट-३डीएस सॅटेलाइटच्या साउंडरला १९ चॅनल आहेत, आणि १ जुलै २०२५ ला युरोपने सोडलेल्या एमटीजी-एस१ ला जवळपास दोन हजार! तोही जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटरवरून, युरोपवर दर अर्ध्या तासाने. (एवढ्या उंचीवरून असं पहिल्यांदा मोजायचा मान मात्र चीनच्या फेंगयुन-४ए चा, तो २०१६ लाच गेला.)

पण हे सगळं उलटं गणित आहे. सॅटेलाइट तापमान मोजत नाही, येणारं रेडिएशन मोजतो, आणि तेच रेडिएशन देऊ शकतील अशा हवेच्या थरांच्या मांडण्या एकापेक्षा जास्त असतात, त्यातली खरी कुठली ते शोधणं हेच या लोकांचं रोजचं काम. वर जाड ढग आला की इन्फ्रारेड तिथेच अडतं, मग मायक्रोवेव्ह लागतात.

प्रश्न: वारा तर दिसतच नाही, तो वरून कसा मोजतात?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्यामुळे जरा लांबलं तर चालवून घ्या. जुनी पद्धत अशी की पाठोपाठच्या फोटोंमध्ये ढगाचा किंवा बाष्पाचा पट्टा किती सरकला ते बघायचं. वेग मिळतो, पण तो ढग नक्की किती उंचीवर होता याचा अंदाजच करावा लागतो, आणि चूक होते ती तिथेच. शिवाय निरभ्र आकाशात मागोवा घ्यायला काही सापडणं अवघडच.

यावर उपाय म्हणून युरोपियन स्पेस एजन्सीने एओलस नावाचा सॅटेलाइट केला, त्यातून अल्ट्राव्हायोलेट लेझरचे झोत खाली सोडायचे आणि हवेच्या रेणूंवरून, धुळीच्या कणांवरून परत आलेल्या प्रकाशाची तरंगलांबी किती बदलली त्यावरून वारा काढायचा. ऐकायला सोपं वाटतं पण हा २००७ ला जायचा तो गेला ऑगस्ट २०१८ मध्ये! निर्वात जागेत लेझर चालवला की उरलेसुरले सेंद्रिय अंश आरशांवर आणि भिंगांवर जळून डाग पडायचे. शेवटी लेझरच्या आसपास अगदी थोडा ऑक्सिजन सोडायची युक्ती सापडली. जानेवारी २०२० पासून युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ या केंद्राने त्याचा डेटा रोजच्या अंदाजात घ्यायला सुरुवात केली, आणि काही महिन्यांतच कोविडमुळे विमानं बंद पडली, म्हणजे विमानांकडून येणारी वाऱ्याची मापंही आटली, तेव्हा हा फार कामी आला. जुलै २०२३ मध्ये तो खाली आला. असा नियंत्रित शेवट त्याच्या डिझाइनमध्ये नव्हताच, तरी टीमने उरलेलं इंधन वापरून त्याला टप्प्याटप्प्याने उतरवलं आणि अंटार्क्टिकावर जाळला. आता एओलस-२ ची तयारी चाललीय.

प्रश्न: एआय आता मिनिटाभरात अंदाज देतं म्हणे, मग सॅटेलाइटवर एवढा खर्च कशाला?

उलट आहे हो. गूगल डीपमाइंडचं ग्राफकास्ट हे एआय मॉडेल घ्या किंवा ईसीएमडब्ल्यूएफने फेब्रुवारी २०२५ मध्ये रोजच्या कामात आणलेलं एआयएफएस घ्या, दोन्ही शिकली ती अनेक दशकांच्या हवामानाच्या नोंदी एकत्र जुळवून केलेल्या डेटावर, आणि त्या नोंदींचा मोठा भाग सॅटेलाइटचाच. शिवाय आज हवा कशी आहे हे सांगितल्याशिवाय मॉडेल उद्याचं सांगणार कसं? आता काही जण मधला टप्पाच वगळून कच्ची निरीक्षणं थेट एआयला देऊन बघतायत, आर्डवार्क नावाच्या मॉडेलचा पेपर मार्च २०२५ मध्ये नेचरमध्ये आला. मला हा प्रयोग जास्त इंटरेस्टिंग वाटतो, पण तिथेही सॅटेलाइट आहेतच.

प्रश्न: छोट्या सॅटेलाइटने काम भागतं का?

काही काम भागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये गेलेला आर्क्टिक वेदर सॅटेलाइट फक्त १२५ किलोचा, पण त्यातला मायक्रोवेव्ह साउंडर एकदम दमदार, ३२५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे चॅनल अंतराळात पहिल्यांदा त्यानेच नेले. नासाच्या ट्रॉपिक्स मोहिमेतले तर साधारण पाच किलोचे, वादळावरून पुन्हा पुन्हा फेरी व्हावी म्हणून एकाऐवजी सहा. त्यातले पहिले दोन २०२२ मध्ये रॉकेटबरोबर बुडाले तरी मोहीम चालली, हा पण छोट्यांचा फायदाच. पण मोठे बंद करा असं कोणी म्हणत नाही, कारण छोट्यांची मापं कुणाशी तरी ताडून बघावी लागतात.

प्रश्न: मी घरी अँटेना लावून अमेरिकेच्या नोआ-१५ या हवामान सॅटेलाइटचे फोटो घ्यायचो, आता सिग्नलच नाही?

नाही येणार. नोआ-१८ जून २०२५ मध्ये बंद केला, १९ आणि १५ ऑगस्टमध्ये. १५ तर १९९८ चा होता. नोआ-१९ ची गंमत म्हणजे २००३ मध्ये कारखान्यातच तो गाडीवरून आडवा पडला होता, २४ बोल्ट लावलेच नव्हते म्हणून! दुरुस्त करून २००९ ला सोडला आणि १६ वर्षं चालला. १३७ मेगाहर्ट्झची अँटेना फेकू नका, रशियाचे मेटिओर सॅटेलाइट त्याच फ्रिक्वेन्सीच्या आसपास फोटो पाठवतात, फक्त सिग्नल डिजिटल आहे.

प्रश्न: ५जी मुळे हवामानाचे अंदाज बिघडतात हे खरं की अफवा?

अफवा नाही, पण वाढवून सांगितलं जातं. पाण्याची वाफ स्वतःहून २३.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अगदी क्षीण रेडिएशन सोडते, सॅटेलाइट तेच ऐकतो. ५जी चा एक पट्टा २४.२५ पासून सुरू होतो, त्यामुळे ट्रान्समीटरची गळती शेजारी जाऊ शकते. २०१९ च्या जागतिक रेडिओ परिषदेत गळतीवर मर्यादा घातली, सप्टेंबर २०२७ पासून ती आणखी कडक होणार आहे, तरी बऱ्याच हवामान शास्त्रज्ञांना ती सैलच वाटते. वाफेची फ्रिक्वेन्सी निसर्गाने ठरवलेली, दुसरीकडे हलवता येत नाही. आणि मोठी गडबड असेल तर ती पकडता येते हो, किंचित गळती मात्र डेटात गडबड म्हणून दिसतच नाही, हवेत थोडं जास्त बाष्प आहे असंच वाटतं आणि मॉडेल ते खरं धरून पुढे जातं.