समुद्रावर दूरची केंद्रे

प्रश्न : मुंबईहून लक्षद्वीपला जहाजाने जाताना रेडिओ नेला होता, पण केबिनमध्ये नुसती खरखर ऐकू आली. दूरची केंद्रे कशी ऐकावीत?

उत्तर : दोष बहुधा रेडिओचा नाही, जहाजाच्या पोलादी भिंती लहरी अडवतात आणि आतील विद्युत उपकरणे खरखर वाढवतात. सूर्यास्तानंतर उघड्या डेकवर बसावे. दिवसा मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) शोषून घेणारा आयनांबरातील, म्हणजे वातावरणाच्या उंचावरील विद्युतभारित भागातील, खालचा थर रात्री विरतो, त्यामुळे वरच्या थरांवरून परावर्तित झालेल्या लहरी शेकडो किलोमीटर पोहोचतात. शिवाय खारे पाणी उत्तम वाहक असल्याने किनाऱ्यावरची केंद्रे दिवसाही जमिनीवरच्यापेक्षा दूरवर मिळतात. रेडिओच्या आतील अँटेना दिशेनुसार लहरी पकडतो, म्हणून रेडिओ सावकाश फिरवून पाहावा. डिजिटल रेडिओ असल्यास केंद्रे शोधताना एका टप्प्याचे अंतर ९ किलोहर्ट्झवर ठेवावे. १० हे अमेरिकेसाठी असते.