कोपरावरची पिशवी दुर्बिणीने काढावी का?

प्रश्न: वय ५२, सोनारकाम करतो. दिवसभर कोपर पाटावर टेकलेलं. टोकावर, हाड आणि कातडीच्या मधल्या पाण्याच्या पिशवीला (बर्सा) लिंबाएवढी सूज आहे. दोनदा सुईने पाणी काढलं, पुन्हा भरलं. दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू का?

उत्तर: दादा, त्या पाण्याची तपासणी झाली का? जंतू किंवा युरिक अ‍ॅसिडचे बारीक खडे (गाउट या सांधेदुखीत साठतात ते) सापडले, तर उपचारच बदलतो. रक्तातली साखरही बघा. ते ठीक असेल, तर दुर्बीण मला पटते. कोपराच्या टोकावरची कातडी पातळ. तिथेच मोठा छेद घेतला की जखम लवकर भरत नाही, हे मी पाहिलंय. दुर्बिणीत टोकापासून दूर दोन-तीन बारीक छिद्रं पाडून सुजलेली पिशवी आतून खरवडून काढतात. करंगळीकडे जाणारी नस मात्र जपावी लागते. आणि पाटावर जाड गादी आजच घाला. शस्त्रक्रियेनंतरही ती लागेलच.