लाकडी म्यान करून घेताना

प्रश्न : जुन्या मराठा धाटणीच्या वक्र तलवारीची बोथट प्रतिकृती मी गेल्या वर्षी विकत घेतली. पात्याची लांबी ३१ इंच आहे. सोबत आलेले म्यान पत्र्याचे असून वरून रेक्झिन चढवलेले आहे. तलवार त्यात खडखडते आणि या पावसाळ्यात पात्यावर गंजाचे ठिपकेही दिसू लागले. म्हणून सागवानी, कोरीवकाम केलेले, इतिहासाला धरून असलेले म्यान खंडेनवमीपर्यंत करून घेण्याचा विचार आहे. कारागिराला नेमके काय सांगावे?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातील ‘कोरीवकाम’ आणि ‘इतिहासाला धरून’ या दोन अपेक्षा एकत्र नांदणाऱ्या नाहीत, हे आधी सांगायला हवे. आपल्याकडच्या जुन्या तलवारींच्या म्यानांत लाकूड सहसा दिसतच नाही. दोन पातळ फळ्या आतून कोरून एकमेकींना चिकटवायच्या आणि त्यांवर चामडे किंवा मखमल चढवायची, अशी ती रीत होती. नक्षी असलीच तर ती तोंडाशी आणि टोकाशी बसवलेल्या धातूच्या टोपणांवर असे. उघड्या लाकडावरची वेलबुट्टी दिवाणखान्यात शोभते, एवढेच. शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रांचे दालन पाहून यावे आणि मगच कारागिराकडे जावे, असे मी सुचवेन.

सागवान वर्ज्य नाही. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया पुण्यात अजूनही मिळतात आणि त्यांचे लाकूड वर्षानुवर्षे सुकलेले असते, हा मोठाच फायदा आहे. तरीही माझी पसंती शिवणीला आहे. ती हलकी असते, पटाशीखाली सहज कोरली जाते आणि हवामानाप्रमाणे फारशी वाकत नाही. ओक किंवा बाभूळ यांसारखे तुरट, आम्लधर्मी लाकूड मात्र लोखंडाचे वैरी असते. तीच गोष्ट सालीने कमावलेल्या चामड्याची, म्हणून चामडे बाहेरून चढवावे, आत अस्तर म्हणून कधीही लावू नये. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारागिराने माझ्या कट्यारीच्या म्यानाला हौसेने चामड्याचे अस्तर लावून दिले होते. श्रावण सरेपर्यंत पाते तांबूस झाले, आणि ते घासण्यात माझे दोन रविवार गेले.

कारागिराला छायाचित्र देऊन भागत नाही, पात्याची आकृती द्यावी लागते. जाड तपकिरी कागदावर पाते आडवे ठेवून, पेन्सिल कागदाला काटकोनात धरून कडेने रेघ काढावी आणि दर चार इंचांवर पात्याची रुंदी व जाडी व्हर्नियरने मोजून तिथेच लिहावी. वक्र तलवारीत खरी अडचण इथेच असते. बाक सर्वत्र सारखा असेल तर पाते त्याच वाटेने आत-बाहेर सरकते. पण टोकाकडचा भाग, ज्याला पिपळा म्हणतात, तो मुठीकडच्या भागापेक्षा रुंद असेल, तर म्यानाचे तोंड आणि पुढची सारी पोकळी त्या रुंदीला पुरेल एवढी ठेवावीच लागते. असे म्यान थोडे ढगळ दिसणारच, त्याबद्दल कारागिराला दोष देऊ नये.

पोकळी बरोबर उतरली की नाही, हे पाहण्याची जुनी युक्ती सोपी आहे. तेलात कालवलेल्या काजळीचा पात्यावर अगदी पातळ हात द्यायचा, दोन्ही फळ्या न चिकटवता दोरीने आवळून पाते आत घालायचे आणि बाहेर काढायचे. फळ्या उघडल्यावर जिथे काळा डाग दिसेल तेवढेच लाकूड खरवडायचे आणि पुन्हा तेच करायचे. या कामाला एक दिवस लागतो, कधी दोन. घाईचा कारागीर नेमके हेच टाळतो. म्यानाने पात्याला घट्ट धरावे ते केवळ तोंडापाशी, पुढे ते मोकळे असावे. धार सांध्यावर येणार नाही, तिच्यापुढे थोडे लाकूड शिल्लक राहील, हेही पाहावे. सांध्याला सुतारकामाचा पांढरा गोंद वापरला असेल, तर तो वाळताना आम्ल सोडतो, त्यामुळे पुढचे काही दिवस तलवार आत ठेवू नये.

तोंडाच्या आणि टोकाच्या पितळी टोपणांसाठी कसबा पेठेतील तांबट आळीत विचारून पाहावे. मात्र लाकूडकाम पुरे होऊन चामडे चढल्यावरच मापे द्यावीत, कारण चामड्याच्या जाडीने माप बदलते.

कायद्याचेही थोडे पाहावे लागते. नऊ इंचांहून लांब पात्याच्या धारदार शस्त्रांचा समावेश १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत आहे, तेव्हा आपली प्रतिकृती बोथटच राहू द्यावी. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे घेऊन फिरण्यास मनाई करणारे आदेशही शहरात वेळोवेळी निघत असतात. त्यामुळे आकृती देऊन बहुतेक काम करून घ्यावे, आणि काजळीच्या चाचणीसाठी कारागिरालाच घरी बोलवावे.

राहता राहिली खंडेनवमी. तो मुहूर्त मी सोडून देईन. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडात कोरलेली पोकळी फाल्गुन-चैत्रापर्यंत आकसते, मग पाते अडकते आणि सांधाही उकलू लागतो. दिवाळीनंतर, लाकडाचा ओलावा १२ टक्क्यांच्या आत आला की काम सुरू करावे. यंदा तलवार उघडीच पाटावर ठेवून पूजा करावी, पण गंध आणि हळदकुंकू रात्रभर पात्यावर राहू देऊ नये. संध्याकाळीच कोरड्या सुती फडक्याने पुसून मशीनच्या पातळ तेलाचा हात द्यावा. खोबरेल नको, ते खवट होते.